पिवळ्या डलिचवरचं नाव

बॅटरसी, लंडन
रविवार, ९ नोव्हेंबर १८७३

प्रिय अमॉस,

पोचलो एकदाचे. चार कपबशा फुटल्या, तुमच्या आईच्या घड्याळाने क्रॉयडनलाच मान टाकली, आणि इथल्या खिडकीतून इंजिनांच्या शेडची धुराडी सोडून दुसरं काही दिसत नाही. तुझी थर्झाताई मात्र राजवाडा मिळाल्यासारखी खूश आहे. ब्रायटनचा समुद्र सोडून या काजळीत येण्यात एवढं आनंदाचं काय, ते तिचं तिला माहीत.

आता माझं ऐक. अकरा वर्षं मी ब्रायटन–लंडन एक्स्प्रेस चालवली. माझं जुनं इंजिन मोडीत निघालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या जागी तुमच्या कारखान्याच्या ऑर्मरॉड साहेबांनी मला काय दिलं? उपनगरातल्या गाड्या ओढणारी एक किटली! सहा चाकं आहेत, पण एकही माझ्या छातीला लागत नाही. एक्स्प्रेसचं चाक माझ्या टोपीपेक्षा उंच होतं. इथे कोळसा पाठीवर, पाणी दोन्ही कुशींतल्या टाक्यांत, सगळा संसार अंगावर घेऊन हे इंजिन दर अर्ध्या मैलाला थांबतं. कुशीवर मोठ्या झोकात नाव लिहिलंय, ‘डलिच’. ते तूच लिहिलं असणार.

भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन एली फनेल नावाचा चाळिशीचा गृहस्थ आहे. पाच मुलांचा बाप, पण तोंड कधी मिटायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पहिल्याच सकाळी म्हणतो, “या, एक्स्प्रेसवाले! जरा वाकून या, डोकं आपटेल. इथे मोठेपणाला जागा कमी आहे.” सगळी शेड हसली.

पत्र लिहिण्याचं कारण असं. इंजिनाच्या छताखाली ड्रायव्हरचं नाव सोनेरी अक्षरांत चढलं की तो माणूस त्या इंजिनाचा झाला, मग त्याला हलवत नाहीत आणि दुसरा कुणी त्याच्या दांड्याला हातही लावत नाही. एक्स्प्रेसवर होतो तेव्हा मला या रिवाजाचा केवढा अभिमान होता! आता त्याचीच धास्ती वाटते. फेब्रुवारीत डलिच तुमच्या कारखान्यात तपासणीला येईल, तेव्हा माझं नाव लिहू नकोस. सोनं संपलं म्हण, हात मुरगळला म्हण, काहीही म्हण. मी साहेबांकडे एक्स्प्रेससाठी अर्ज केलाय. तो मंजूर होईपर्यंत ती जागा कोरी राहिली पाहिजे. एकदा ‘जेबेझ एकहर्स्ट’ त्या किटलीवर चढलं की मी मरेपर्यंत अर्ध्या अर्ध्या मैलाला थांबत बसणार.

आणि माझं नाव इकडे कुणी सुचवलं त्याचाही शोध लाव. सापडला तर त्याला फावड्यावर बसवून भट्टी दाखवतो.

तुझा,
जेबेझ


ब्रायटन
रविवार, १६ नोव्हेंबर १८७३

प्रिय दाजी,

तुमचं पत्र मी रंगाच्या खोलीत वाचलं आणि हसू दाबताना ब्रश पिवळ्याऐवजी काळ्या डब्यात बुडवला. तेवढा दंड मला पुरे.

डलिचला किटली म्हणालात, ते मनाला लागलं. ती चाकांवर उभी राहिली त्या दिवसापासून मी तिच्या अंगाशी आहे. एकावर एक किती हात दिले, मध्ये किती वेळा घासली, त्याचा हिशेब माझ्या खांद्याला विचारा. कंपनीच्या कागदावर तो रंग ‘हिरवा’ आहे. आम्हा सगळ्यांना तो पिवळाधमक दिसतो आणि आम्ही सगळे ‘हो, हिरवाच’ म्हणतो. पण उन्हात उभी असते तेव्हा तिच्याकडे बघा. मोठ्या एक्स्प्रेस इंजिनांकडे बघून लोक टोपी काढतात. डलिचकडे बघून लोक हसतात, आणि मला वाटतं कामावर निघालेल्या माणसाला पहाटे तेच जास्त हवं असतं.

पण तुम्ही सांगाल तसं. मुकादमाला सांगेन की सोन्याचा वर्ख चांगला आलेला नाही. फेब्रुवारीत मी खोटं बोलणार, याची सवय आतापासून करतो.

तुमचं नाव कुणी सुचवलं, ते मला कसं माहीत असणार? मी रंगारी माणूस. साहेबांच्या खोलीत जातो तो दार रंगवायला.

ताईला सांगा, बंद पडलेलं घड्याळ उलटं धरून हलवायचं. आईचं ते तसंच चालायचं. ताई आता संध्याकाळी काय करते? तुम्ही घरी किती वाजता पोचता?

तुमचा,
अमॉस बॉटिंग


बॅटरसी
रविवार, १८ जानेवारी १८७४

प्रिय अमॉस,

तू विचारलंस म्हणून सांगतो. पहाटे पाचला शेडमध्ये, दुपारी साडेतीनला सुट्टी, चार वाजता घरी. थर्झा रोज जेवायला थांबते. पहिला महिनाभर आम्हाला बोलायला विषयच सापडेना. आता ती मला शेजारणींची सगळी भांडणं सांगते आणि मी खुशाल ऐकतो.

अर्जाला उत्तर नाही. किटली ती किटलीच. पण माणसाने खरं ते सांगावं, म्हणून चार ओळी लिहितो. यांचा उगाच वेगळा अर्थ काढू नकोस.

ती जागची उठते कशी, हे पाहायला हवंस तू. एक्स्प्रेसचं इंजिन म्हणजे जाड्या जमीनदाराला खुर्चीतून उठवण्यासारखं, आधी दहा वेळा धापा. ही दहा डबे माणसांनी गच्च भरलेले असताना दांडा ओढला की पळतेच. पुढचं स्टेशन समोर दिसत असतं, तेवढ्यात वेग घेते आणि तेवढ्यातच सोडतेही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा फलाटाच्या पुढे जाऊन थांबलो. एली म्हणाला, “डोव्हरला निघालात का? बायकामुलांना निरोप तरी द्यायचा होता.”

आणि धुकं! सात जानेवारीला असं धुकं पडलं की मला माझंच धुराडं दिसेना. एली पुढच्या फळीवर उभा राहून सिग्नलचे दिवे ओरडून सांगत होता. मोठ्या गाड्या तासातासाने उशिरा. डलिच सहा मिनिटं. सहा, अमॉस. पाच चाळीसच्या गाडीला शिवणकामाच्या बायका, गोदीतले हमाल, साबणाच्या कारखान्यातली माणसं असतात. उशीर झाला की फाटक बंद होतं आणि दिवस बुडतो. त्या सगळ्यांचा दिवस त्या धुक्यात वाचला. कुणी आभार मानले नाहीत. उतरले आणि पळाले. मला ते बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

आठवड्यातून तीन दिवस नदीखालच्या बोगद्यातून जावं लागतं. वर टेम्सचं पाणी, त्यावर जहाजं, आणि खाली आम्ही. बोगद्यात धूर-वाफ कोंडून माणसं गुदमरू नयेत म्हणून वापरलेली वाफ बाहेर न सोडता टाक्यांतल्या पाण्यात वळवायची. डलिच आत शिरताना श्वास धरल्यासारखी गप्प होते आणि पलीकडे निघाली की मोकळी होते. दिवसातून आठ वेळा. कुरकुर नाही.

तरीही नाव लिहू नकोस. एक्स्प्रेस ती एक्स्प्रेस.

तुझा,
जेबेझ


ब्रायटन
रविवार, १ मार्च १८७४

प्रिय दाजी,

डलिच येऊन गेली. मी ठरल्याप्रमाणे खोटं बोललो आणि मला ते अजिबात जमलं नाही.

मुकादम म्हणाला, “छताखाली जागा कोरी का?” मी म्हटलं, वर्ख खराब आहे. त्याने शेजारच्या इंजिनावरचं मी त्याच सकाळी लिहिलेलं नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बॉटिंग, तुझ्या मेहुण्याला नको असेल तर तसं सांग. नोआ टेस्टर नावाचा चांगला ड्रायव्हर डलिच मागतोय.” मी गप्प राहिलो. तुम्ही सांगितलेल्या खोटेपणात गप्प कसं राहायचं ते नव्हतं, ते मी माझ्या मनाने केलं.

आता आनंदाची बातमी. एक्स्प्रेसवरचे एक ड्रायव्हर मे महिन्यात निवृत्त होतायत. नवं कोरं इंजिन तयार होतंय, त्याची चाकं पाहिलीत तर तुम्हाला रडू येईल, तुमच्या टोपीपेक्षा वीतभर उंच. ऑर्मरॉड साहेबांच्या टेबलावर तुमचा अर्ज सगळ्यांत वर आहे. कारकुनाने स्वतः सांगितलं.

एक सांगू? डलिचच्या आतलं पितळ मी असं चकचकीत कधी पाहिलेलं नाही. मुकादमानेही पाहिलं. “न आवडणाऱ्या इंजिनाला कुणी एवढं घासतं का?” असं विचारत होता. मी म्हटलं, माझा दाजी रागारागाने घासत असेल.

तुमचा,
अमॉस


बॅटरसी
रविवार, २६ एप्रिल १८७४

प्रिय अमॉस,

गुरुवारची गोष्ट तुमच्याकडे पोचली असेलच. वर्तमानपत्रात नऊ ओळी आल्या आहेत आणि त्यांतल्या सहा चुकीच्या आहेत. मी सांगतो ती खरी.

सकाळी सातची गाडी, डबे दहा, माणसं चारशेच्या आसपास. नदीखाली मध्यावर सिग्नल लाल. थांबलो. दहा मिनिटांनी आमचा गार्ड पेलिंग कंदील घेऊन पुढच्या स्टेशनात चौकशी करून आला. पलीकडच्या स्टेशनात एक रिकामा डबा रुळांवरून घसरलाय, कधी निघेल सांगता येत नाही, म्हणाला. मागे जावं तर मागे दुसरी गाडी येऊन उभी. अर्धा तास झाला आणि मी काचेच्या नळीत पाहिलं. बॉयलरमधलं पाणी बोटभर उरलं होतं.

तू रंगारी आहेस, म्हणून सांगतो. आमच्या इंजिनाला टाकीतून बॉयलरमध्ये पाणी चढवणारा पंप चाकांना जोडलेला असतो. चाकं फिरली तरच पंप चालणार. उभं इंजिन तहानेने मेलं तरी स्वतःहून पाणी पिऊ शकत नाही. पाणी आणखी उतरलं असतं तर मला पेटती भट्टी रुळांवर ओतावी लागली असती. त्या बंद बोगद्यात, चारशे माणसांच्या पुढ्यात. धुराने काय झालं असतं, ते लिहीत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, एवढंच सांगतो.

पुढे सिग्नलपर्यंत साठ पावलं रूळ मोकळा होता. पेलिंगने पुढच्या डब्यातला हातब्रेक आवळून डबे धरून ठेवले, एलीने डब्यांना जोडणारी साखळी सोडली, आणि मी एकट्या डलिचला पन्नास पावलं पुढे नेलं, पन्नास मागे आणलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एक्स्प्रेसच्या इंजिनाला तेवढी जागा उठायलाही पुरली नसती. ही दर खेपेला डब्याच्या नाकाला हात पुरेल एवढ्यावर येऊन थांबायची, आपटली एकदाही नाही.

पहिल्यांदा ती डब्यांपासून सुटून पुढे गेली तेव्हा मागे बोंब उठली. एक बाई किंचाळली, “अगं, तो टाकून चालला आपल्याला! पकडा त्या मेल्याला!” एली मागे धावला आणि प्रत्येक डब्याच्या खिडकीशी ओरडत गेला, “कुठे जात नाही ती. पाणी प्यायला गेलीय, येतेय परत.”

पण पंप नुसताच खोकत होता. वाफ टाक्यांत सोडल्यामुळे टाकीतलं पाणी कढत झालं होतं, आणि कढत पाण्यावर पंप धरत नाही. पंपावर बाहेरून गार काहीतरी ओतावं लागतं. टेम्स डोक्यावर, आणि आमच्याकडे गार पाण्याचा थेंब नाही! तेव्हा एलीने आपल्या डब्यातला सकाळचा थंड चहा पंपावर ओतला. पंपाने दोन घोट घेतले. एली पुन्हा डब्यांकडे पळाला. “गार चहा आहे का कुणाकडे? इंजिनाला हवाय!” आधी शिव्या आल्या, मग डबे आले. दिवसभराच्या चहाचे पत्र्याचे डबे, खिडकीतून खिडकीत, हातातून हातात, गार्डपर्यंत, गार्डकडून एलीकडे. मी पुढे-मागे करतोय आणि एली चाकांशेजारी धावत पंपावर चहा ओततोय. एकतीस खेपा. काचेतलं पाणी वर चढलं तेव्हा एली म्हणाला, “किटली म्हणत होतात ना? घ्या. चारशे माणसांचा चहा प्याली.”

सिग्नल पडला, रस्ता मोकळा झाला. कुणाला खरचटलंही नाही. त्या दिवशी सगळी गाडी चहाविना कामाला गेली.

मी शेडमध्ये आल्यावर तिच्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. हे कुणाला सांगू नकोस.

तुझा,
जेबेझ


ब्रायटन
रविवार, ३ मे १८७४

प्रिय दाजी,

सगळ्या कारखान्यात तुमचंच नाव! ओतारी, लोहार, सुतार, जो भेटतो तो मला विचारतो, चहा दुधाचा होता की कोरा? ऑर्मरॉड साहेबांनी गार्डचा अहवाल उभ्यानेच वाचला आणि म्हणाले, “याला एक्स्प्रेस द्या.” एवढंच. अर्ज मंजूर! एक जूनपासून नवं इंजिन तुमचं. मला हुकूम आला आणि मी थांबलो नाही. शुक्रवारी छताखाली तुमचं नाव चढवलंही. नवा वर्ख, काळी सावली, ‘ज’चं शेपूट जरा लांब घेतलंय. इतकं सुंदर नाव मी आजवर कुणाचं लिहिलेलं नाही.

डलिच नोआ टेस्टरला मिळणार. वीस मेला ती रंगाच्या डागडुजीला इथे येतेय, तेव्हा त्याचं नाव लिहीन.

आता सगळं तुमच्या मनासारखं झालंय, तर माझ्या मनावरचं ओझंही उतरवून टाकतो. तुमचं नाव बॅटरसीसाठी सुचवणारा कोण, म्हणून विचारलं होतंत. मी. म्हणजे विनंती ताईची, अक्षर माझं. गेल्या सप्टेंबरमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला लिहिता येत नाही, तू साहेबांना लिही की माझ्या नवऱ्याला अशी गाडी द्या जी त्याला दिवसाउजेडी घरी आणून सोडेल. मी लिहिलं. साहेबांना बॅटरसीला शांत डोक्याचा माणूस हवाच होता. ताईने शपथ घातली होती म्हणून बोललो नाही. आता एक्स्प्रेस परत मिळालीय, तेव्हा राग धरायचं कारण उरलं नाही. फावडं बाजूला ठेवा.

तुमचा,
अमॉस


बॅटरसी
मंगळवार, १२ मे १८७४

अमॉस,

नऊ दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुझ्या पोस्टमनलाही सहन झालं नसतं.

चार दिवस मी थर्झाशी बोललो नाही. ती रोज ताट वाढायची, मी खाली मान घालून जेवायचो. पाचव्या दिवशी म्हणाली, “बोलायचं नसेल तर नका बोलू. अकरा वर्षं तुम्ही कसे आहात ते मी ब्रायटनच्या हमालांना विचारत होते. आला का? निघाला का? आपल्या लेकीच्या, मर्सीच्या लग्नात तुम्ही तोंडाची काजळी पुसत आलात तोवर पाद्री पुस्तक मिटून घरी निघाला होता. मला एक्स्प्रेसवाल्याची बायको म्हणून लोक मान देत होते. मला मान नको होता, माणूस हवा होता. यात माझं चुकलं असेल तर चुकलं.” मग तिने माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

तिचं चुकलं नाही. पण मी हे पत्र लिहितोय ते दुसऱ्याच एका चुकीसाठी, आणि ती माझी आहे.

बोगद्यात पाणी बोटभर का उरलं, ते मी तुला सांगितलं नाही. गार्डच्या अहवालातही ते नाही, कारण पेलिंगला ते माहीतच नाही. एक्स्प्रेसवर आम्ही चढ संपेपर्यंत पंप बंद ठेवतो, वाफ टिकवतो आणि पुढच्या लांब पल्ल्यात निवांत पाणी भरून घेतो. अकरा वर्षांची हाताची सवय. या इंजिनाला लांब पल्ला नसतोच. इथे दर अर्ध्या मैलात थोडं थोडं भरत जावं लागतं. त्या दिवशी बोगद्याच्या आधी एलीने दोनदा सांगितलं, “पाणी घ्या. पुढे जागा नाही.” मी म्हणालो, “एक्स्प्रेस चालवलीय मी. मला शिकवू नकोस.” आणि अर्ध्या काचेवर आत शिरलो.

पूर्ण भरून शिरलो असतो तर तासभर उभं राहूनही काही बिघडलं नसतं. ना खेपा, ना चहा, ना वर्तमानपत्र. चारशे माणसांना संकटात मी घातलं आणि बाहेर काढलं डलिचने. एवढा तोंडाळ एली, पण या एका गोष्टीवर त्याने शेडमध्ये अवाक्षर काढलेलं नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, “तुमची गोष्ट तुम्ही सांगायची.”

आणि याच कामगिरीचं बक्षीस म्हणून मला एक्स्प्रेस! तू लिहिलेल्या त्या सोनेरी नावाखाली मी रोज कसा उभा राहू?

काल ऑर्मरॉड साहेबांना सगळं लिहून कळवलं. एलीची सूचना, माझं उत्तर, सगळं. कदाचित मला खाली उतरवून फायरमन करतील. करू देत. शेवटी एवढंच मागितलंय की गाडी चालवू देणार असाल तर डलिच चालवू द्या. तिच्याकडून मला अजून शिकायचंय. मला ती आवडते, अमॉस. हे लिहायला सहा महिने लागले.

वीस तारखेला नोआचं नाव लिहिण्याआधी जमेल तेवढा वेळ काढ. खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही. नुसतं हळू काम कर.

जेबेझ


ब्रायटन
बुधवार, २० मे १८७४

प्रिय दाजी,

आज सकाळी डलिच आली. मी तिच्या चाकांवरच्या रेघा अशा सावकाश ओढत बसलो की मुकादमाने विचारलं, झोप लागलीय का? अकरा वाजता साहेबांचं बोलावणं आलं. पहिल्यांदाच ब्रश न घेता त्या खोलीत गेलो.

तुमचं पत्र टेबलावर होतं. साहेब म्हणाले, “बॉटिंग, हा माणूस खुळा आहे का?”

“नाही साहेब. माझा दाजी आहे.”

“मी ते विचारलं नव्हतं. अहवालात नसलेली चूक स्वतःहून लिहून पाठवणारा ड्रायव्हर मी तीस वर्षांत पाहिला नाही.” त्यांनी टाक शाईत बुडवला. मग म्हणाले, “फायरमनचं न ऐकता पाणी न भरता बोगद्यात शिरल्याबद्दल रविवार सोडून आठ दिवस घरी बसवा. शुक्रवारपासून. तोवर टेस्टर डलिच चालवेल, नंतर एक्स्प्रेस टेस्टरला द्या. एकहर्स्टला एक्स्प्रेस नाही. त्याने मागितलंय तेच इंजिन त्याला द्या, आणि हा दंड आहे की बक्षीस, हे मला विचारू नका.”

दुपारी मी टर्पेंटाईनचा बोळा घेऊन नव्या इंजिनात चढलो आणि तुमचं नाव पुसलं. लिहायला दीड तास लागला होता, पुसायला एक चहा पिण्याइतका वेळ. ‘ज’चं शेपूट शेवटी गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी शीळ घालत होतो.

डलिचची जागा अजून कोरी आहे. मला दोन तास मिळाले तर मी स्वतः बॅटरसीला येऊन लिहीन. पण यावेळी तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ब्रश उचलणार नाही. लिहू ना?

तुमचा,
अमॉस


बॅटरसी
रविवार, ३१ मे १८७४

प्रिय अमॉस,

लिही. येताना ब्रायटनचे चांगले खारवलेले हेरिंग आण, थर्झाने सांगितलंय.

घरी बसून आठ दिवसांत मी तिच्या दोन खुर्च्या दुरुस्त केल्या आणि तिसरी मोडली. शुक्रवारी ती म्हणाली, “चला, तुमची ती डलिच मला दाखवा. सहा महिने नुसतं ऐकतेय.” म्हणून सकाळी आम्ही दोघं तिकीट काढून गाडीत बसलो, तिसऱ्या वर्गात. पुढे नोआ टेस्टर, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच इंजिनामागे प्रवासी म्हणून. अमॉस, लाकडी बाकावर बसल्यावर कळलं, ती किती गोड चालते. फळ्यांमधून पायांना कळतं.

समोर शिवणकामाच्या दोन बायका बसल्या होत्या, मांडीवर गाठोडी. स्टेशन आलं, गाडी जरा हिसका देऊन थांबली. नोआ चांगला ड्रायव्हर आहे, पण तिची ओळख व्हायला वेळ लागतो. त्यांतली थोराड बाई बोट चोखत म्हणाली, “पुन्हा टोचली! आठवडाभर हेच चाललंय. रोजचा ड्रायव्हर नाहीये.”

दुसरी म्हणाली, “तुला गं काय ठाऊक? तोंड तरी पाहिलंयस का त्याचं?”

“तोंड घेऊन काय करायचंय? तो असला की गाडी थांबता थांबता मी सुईत दोरा ओवते. रोज. हा नवा आल्यापासून चारदा बोटात गेली. नाव माहीत नाही मेल्याचं, पण हात माहितेय. कुठे गेला देव जाणे. आजारी आहे की मेलाय.”

मला बोलायचं होतं. अकरा वर्षं मी सोन्यातलं नाव मिरवलं आणि असं कुणी कधी माझ्याबद्दल बोललं नव्हतं. पण मी टोपी डोळ्यांवर ओढून खिडकीकडे तोंड केलं. थर्झाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या बाईकडे वळून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मेले नाहीत हो. सोमवारी येतायत. आमच्या घरचेच आहेत ते, रोज संध्याकाळी घरी जेवायला येतात.”

तुझा,
जेबेझ